मास्तरांचं आभाळ

सुरतेत, लिंबायतला, आमच्या रॉक बँडचा सराव पॉवरलूमच्या कारखान्याला लागून असलेल्या खोलीत चालायचा, कारण तिथे आमचा गोंगाट कुणाला ऐकूच यायचा नाही. कॅसेटचे दिवस होते. पंचमहाभूतांवर पाच गाण्यांची कॅसेट काढायची, असं आम्ही ठरवलं होतं. चार गाणी झाली. आकाश काही जमेना.

शेजारचे लूम दुरुस्त करणारे मास्तर पाळी संपली की आमच्याकडे येऊन बसत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. खडखडाटात त्यांचे कान जवळजवळ गेले होते. लूमचा बिघाड ते तळहात टेकवून ओळखत. तसाच तळहात त्यांनी एकदा आमच्या स्पीकरवर ठेवला आणि नापसंतीनं मान हलवली.

"आभाय इतलं भरेल ऱ्हास का, भाऊ?" त्यांनी अहिराणीत विचारलं. आभाळ कधी इतकं भरलेलं असतं का!

आठवडी सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मला चालू टेपरेकॉर्डर घेऊन कारखान्यात उभं केलं आणि एकेक लूम बंद करत गेले. तो विरत जाणारा खडखडाट आणि शेवटचा थांबल्यावर जे उरलं, तेच आमचं पाचवं गाणं. "यात गाणं कुठंय?" म्हणून ड्रमवाला माझ्याशी कडाकडा भांडला.

वस्तीतल्या कार्यक्रमात आम्ही ते शेवटी वाजवलं. समोर सगळे लूमवाले. खडखडाट विरत विरत थांबला. स्पीकरला हात लावून बसलेल्या मास्तरांनी तो हात उचलला आणि कुस्ती मारलेल्या पैलवानासारखा वर नेला. पुढच्या क्षणी अख्खा मांडव शिट्ट्या मारत उभा राहिला. उद्या सुट्टी असल्याचा आवाज त्यांना नाही तर कुणाला ओळखू येणार!