माझ्या नावाची ओळ

"सवलतीत मार्क मिळतात, अक्कल नाही. कर्नेलला अक्कल लागते."

आमच्या टीमचे प्रमुख, सर, हे हसत म्हणाले. ऑनलाइन मीटिंगमध्ये आम्ही नऊ जण होतो. आठ चौकोन पुण्याचे, एक माझा, वाशिमचा. दोघं हसले. एकानं चहाचा कप तोंडाला लावला. मी मान खाली घातली. कॅमेऱ्यात माझा फक्त भांग दिसत असेल.

मी एवढंच म्हणाले होते, "सर, हा वेग खरा नाही."

आमची टीम नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर लिहिते. लिनक्स या संगणक-प्रणालीचा गाभा म्हणजे कर्नेल; कार्डाचं म्हणणं त्याला सांगणारा प्रोग्राम, तो ड्रायव्हर. तार जोडली की ती किती वेगानं चालतेय, हे त्यानं सांगायचं. त्या भागातला एक बदल सरांनी स्वतः लिहिला होता. तपासायला माझ्याकडे आला होता.

तार खराब असली की कार्ड हजार मेगाबिटवरून शंभरावर उतरतं. सरांचा ड्रायव्हर तरीही हजारच सांगत होता. कार्ड जास्तीत जास्त किती पळू शकतं ते वाचायचं, आणि आत्ता तेवढंच पळतंय म्हणून कळवायचं. दोन तारा असलेलं मशीन हा आकडा बघून तार निवडतं. ते चांगली तार सोडून रांगणारी तार धरणार. आमची कार्डं दवाखान्यांतल्या मशीनींत बसतात.

वाशिमच्या भाड्याच्या खोलीत दोन कार्डं लावून, एक केबल मुद्दाम चेपून, मी हे तीनदा करून पाहिलं होतं. सगळं लिहून पाठवलं होतं. त्याचं उत्तर मला ते मिळालं. सगळ्यांसमोर.

नंतर मी रडले नाही. भांडी घासली. एकच पातेलं किती वेळ घासलं, माहीत नाही.

चार दिवसांनी तोच बदल जसाच्या तसा कर्नेलच्या मेल-यादीवर गेला. ही यादी जगभरातले लोक वाचतात. बदलाच्या खाली एक ओळ असते. हे अमक्यानं तपासलं, त्याला मान्य आहे. त्या ओळीत माझं नाव होतं. आडनावासकट, पूर्ण.

मी होकार दिलाच नव्हता.

सरांना फोन केला.

"अगं, तुझ्याच भल्याचं आहे," ते म्हणाले. "कर्नेलमध्ये नाव येतंय. तुमच्यातल्या किती जणांचं येतं?"

"पण सर, ते चूक आहे. उद्या काही झालं तर?"

"तर तू तपासलं होतंस ना."

फोन ठेवला त्यांनी.

रविवारी गावी, मेडशीला गेले. बाबा अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "काय झालं बेटा?"

मी सांगितलं. ते वाक्यही सांगितलं. बाबांनी शेंगा बाजूला ठेवल्या.

"म्हंजे गाडी रांगून राह्यली, अन् काटा साठवर?"

"हो."

"अन् पास केली म्हणून तुह्यं नाव लिवलं?"

"हो."

बाबा आधी एका खाजगी बसवाल्याच्या गॅरेजात मिस्त्री होते. मी सहा वर्षांची असताना ते काम सुटलं. का सुटलं, घरात कुणी कधी बोललं नव्हतं. त्या दिवशी बाबा बोलले.

"एका गाडीचे ब्रेक खराब व्हते. मी सांगतलं, हे गाडी सोडू नका. मालकानं सोडली. अन् वहीत लिवलं, ब्रेक पाह्यले. खाली माह्यं नाव. गाडी झाडावर गेली. डायवरचा पाय गेला. मालकानं सगळ्यायसमोर माह्या कानफटात मारली. म्हणे, तुम्हा लोकायले गाडीले हात लावू दिला, हेच चुकलं."

"मग तुम्ही काय म्हणाले?"

"काहीच नाई. गप बसलो. तो डायवर मेला तवापर्यंत मलेच शिव्या देत व्हता. त्याले मी कधी सांगतलंच नाई का ते नाव मी लिवलं नव्हतं."

एवढं बोलून ते उठले. पाठ फिरवून हौदावर तोंड धुवायला लागले. बाबांची पाठ मी कधी अशी हललेली पाहिली नव्हती.

मी तिथेच अंगणात, भर उन्हात लॅपटॉप उघडला. मोबाइलवरून नेट घेतलं. यादीवर उत्तर लिहिलं. हा बदल मी तपासला. तो चुकीचा आहे. मी होकार दिलेला नाही. माझं नाव माझ्या परवानगीशिवाय टाकलं आहे, ते काढा. खाली तिन्ही वेळच्या चाचणीचे आकडे जोडले. पाठवलं.

दुसऱ्या दिवशी कर्नेलच्या त्या भागाची जबाबदारी असलेल्या परदेशी माणसानं स्वतः करून पाहिलं आणि दोन ओळी लिहिल्या. ही बरोबर सांगते आहे. बदल घेता येणार नाही.

टीममधून कुणाचा फोन आला नाही. आठवड्यानं मॅनेजरचा आला. "घरातली गोष्ट चव्हाट्यावर का नेलीस?" मी म्हणाले, "घरात सांगितली होती. तेव्हा सगळे घरातच होते." मला ड्रायव्हरच्या कामावरून काढून माहितीपत्रकं लिहायला बसवलं. पुढं दुरुस्त केलेला बदल यादीवर आला. मी सुचवलेली दुरुस्ती. नाव सरांचं. माझं कुठंच नाही.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "नोकरी जाईल तुही."

जाऊ शकते. पण राजीनामा मी देणार नाही. मला घालवायचं असेल तर त्यांनी काढावं, आणि कारण कागदावर लिहून द्यावं. तोवर माहितीपत्रकं लिहीन. कंपनीनं काम काढून घेतलं, पण यादी कंपनीची नाही. तिथं कुणीही वाचावं, कुणीही तपासावं. मी रोज वाचते. प्रत्येक ओळ वाचते. पटलं तर पटलं म्हणून लिहीन. चूक असेल तर चूक लिहीन, मग लिहिणारा कोणीही असो. आणि खाली सही माझी असेल, माझ्या हातानं केलेली.