इंदुबाईच्या हातचं ताक

राई गावात शिवांगीला तिच्या नावानं हाक मारणारी माणसं थोडी. घरात आई, इंदुबाई, तिला ‘जाडे’ म्हणायची, तेही वैतागून नाही, सहज, जणू बारशालाच ते ठेवलं होतं. रोज सकाळी भाकऱ्या थापता थापता इंदुबाई पिठाच्या हातानं पोरीचा दंड चिमटीत धरायची, दाबून बघायची आणि सोडून द्यायची. शिवांगीच्या बाहीवर पांढरी बोटं उमटायची. ती ते पीठ झटकायची, डबा उचलायची आणि भाईंदरची रिक्षा पकडायची.

केबिन रोडवर हितेशभाईंचं चष्म्याचं दुकान होतं, तिथं ती कामाला होती. तिथं तिला मान होता. गिऱ्हाईक आत आलं की तिनं एकदा चेहरा बघायचा आणि तिसऱ्या-चौथ्या फ्रेमला त्याच्या मनासारखं काढून द्यायचं. स्वतः मात्र ती दुकानातल्या आरशांकडे पाठ करून उभी राहायची. हनुवटीवर केस यायचे, गालावर पुरळ होतं, आणि पाळी चार-चार महिने यायची नाही.

दोन स्थळं बघून गेली, निरोप आला नाही. तेव्हा इंदुबाई तिला भाईंदरच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

“पीसीओडी आहे,” बाई म्हणाल्या. “शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, त्यामुळे पाळी बिघडते. चालणं वाढव, जेवणाच्या वेळा सांभाळ. आणि ही पावडर देते, इनोसिटॉल. सकाळी एक पुडी, संध्याकाळी एक, पाण्यातून.”

“हिच्यानं बारीक होईल ना?” इंदुबाईनं विचारलं.

“त्यासाठी नाहीये हे. काहीजणींची पाळी सुधारते, काहींना फारसा फरक पडत नाही. हनुवटीचे केस जातील, वजन उतरेल, असं मी सांगणार नाही.”

“पण बाधत तर न्हाय?”

“सांगितलं तेवढं घेतलं तर सहसा नाही. साखरेच्या जातीचंच असतं, आपल्या अंगातही तयार होतं. भरमसाट घेतलं तर मळमळ, गॅस, जुलाब. म्हणून मनानं वाढवायचं नाही.”

इंदुबाईनं मान डोलावली. सगळं नीट ऐकून घेतलं तिनं.

शिवांगीनं पावडर नेमानं घेतली. पांढरी, किंचित गोड, पाण्यात चटकन विरघळणारी. संध्याकाळी खाडीच्या रस्त्यानं चालायलाही लागली. काही महिन्यांनी पाळी आली, मग पुढच्या महिन्यातही आली. तिला इतका आनंद झाला की तिनं तो आईला सांगितला.

“पाली कोन बघतंय?” इंदुबाई म्हणाली. “लोकं दंड बघतात.”

तेवढ्यात समुद्राकाठच्या चौक गावाहून स्थळ आलं. दिपेश. स्वतःची बोट, दोन मजली घर, पोरगा हसतमुख. त्यानं शिवांगीशी गप्पाही मारल्या, दुकानातल्या गमती ऐकून हसला. उठता उठता त्याची आई इंदुबाईच्या कानाशी लागली, पण आवाज काही तिनं खाली घेतला नाही. “पोरगी चांगली हाय. साखरपुड्यापातूर जरा आवरा तिला.”

त्या दिवसापासून इंदुबाई बदलली. दंड दाबणं थांबलं. शिवांगी दुकानातून आली की आई स्वतः लिंबाचं सरबत करून पुढ्यात ठेवायची. “पी गो, दमून आलीस.” सकाळी निघतानाही बाटली भरून द्यायची. कधी डोक्यावरून हात फिरवायची. सत्तावीस वर्षांत हा हात शिवांगीला ठाऊक नव्हता. सरबत फार गोड व्हायचं, तरी ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायची. आईनं केलेलं टाकणार कसं?

आणि तिचं पोट बिघडलं. आधी मळमळ, मग जुलाब. तिला वाटलं बाहेरचं खाणं बाधलं, तिनं वडापाव सोडला. मग वाटलं तेलकट बाधतंय, भाजी सोडली. शेवटी भातही नकोसा झाला. दुकानात स्वच्छतागृह नव्हतं. गिऱ्हाइकाला अर्ध्यावर सोडून तिला बाजारातल्या सार्वजनिक संडासाकडे पळावं लागायचं, आणि तिथली रांग बघून रडू यायचं. एकदा पोचायच्या आधीच व्हायचं ते झालं. ओढणी कमरेला गुंडाळून ती भर दुपारी रिक्षात बसली. रिक्षावाल्यानं वास येताच तिला रस्त्यातच उतरवलं.

“शिवांगी, तबियत ठीक नहीं तो घर बैठ ना,” हितेशभाई म्हणाले. “कस्टमर के सामने ऐसा अच्छा नहीं लगता.”

घरी मात्र कौतुक चाललं होतं. इंदुबाई शेजारणींना बोलावून बोलावून दाखवायची. “बगा, ड्रेस कसा सैल झालाय!” पोरीचे डोळे खोल गेलेत, ते कुणी बघितलं नाही.

साखरपुड्याच्या आठवड्यात शिवांगी दुकानातच कोसळली. काचेच्या काउंटरवर कपाळ आपटलं, भुवईपाशी फाटलं. जवळच्या दवाखान्यात टाके घातले, सलाइन लावलं. “अंगातलं पाणी पार गेलंय,” तिथले डॉक्टर म्हणाले. “कुठलं औषध घेतेस?”

“इनोसिटॉल. दोन पुड्या.”

“दोन पुड्यांनी एवढं होत नाही. बाकी काय पोटात जातंय ते बघ. गोड सरबतं बंद कर, मीठ घालून ताक पी.”

वडील पंढरीनाथ तिला घरी घेऊन आले. इंदुबाईनं लगेच ताक पुढं केलं. शिवांगीनं घोट घेतला. आधी मीठ लागलं, जिरं लागलं. आणि त्याच्या मागून ती ओळखीची गोडी जिभेवर आली.

“आये, ताकात काय घातलंस?”

इंदुबाई दचकली नाही, लाजलीही नाही. तिनं फडताळातून मोठा डबा काढून समोर ठेवला. प्रोटीनच्या दुकानातून आणलेली तीच पावडर, निम्मी संपलेली.

“ईष घातलं काय मी? डॉक्टरणीनंच दिलेलं हाय. ती पुडीनं देते, मी पलीनं दिलं. तिनंच सांगितलं ना, ज्यास्ती झालं की पोट सुटतं. तुला उपाशी रवायला सांगितलं तर राहिली असतीस तू?”

“मी मेले असते.”

“मेली न्हायस. बारीक झालीस.”

शिवांगीनं वडिलांकडे बघितलं. ते चपला ठेवायच्या निमित्तानं ओट्यावर गेले होते. त्यांना माहीत होतं.

ताकाचा पेला तिनं मोरीत ओतला. पळीपळीची पावडर थांबली आणि दोनेक दिवसांत पोट ताळ्यावर आलं. साखरपुडा पुढं ढकलला होता; जरा उभं राहता आल्यावर ती चौकला गेली. दिपेश तिला बसस्टॉपवर भेटला. तिनं त्याला सगळं सांगितलं, संडासाची रांगही, रिक्षाही. तो मन लावून ऐकत होता. मग हसला.

“तुझी आई डेंजर आहे यार.” त्यानं तिला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं. “पण खरं सांगू? आता मस्त दिसतेस. लग्नापर्यंत थोडं थोडं चालू ठेव ना. मग सोड.”

समोर आलेल्या बसमध्ये ती चढली. त्याच संध्याकाळी लग्न मोडल्याचा निरोप तिनं स्वतः पाठवला.

इंदुबाईनं आरडाओरडा केला नाही. तिनं गावात एवढंच सांगितलं, की पोरीला पालीच येत न्हाय, औषधावर हाय, म्हणून आम्हीच नको म्हटलं. पाळी तर महिन्याच्या महिन्याला येत होती, आणि आईला ते ठाऊक होतं. पण बायका खाडीवर शिवांगीला बघून गप्प व्हायच्या, नव्या सुना लहान पोरांना पदराआड घ्यायच्या. पुन्हा स्थळ आलं नाही. डॉक्टरीणबाईंच्या दोन पुड्या ती स्वतःच्या हातानं फोडून घेत राहिली, आणि घरात स्वतःपुरतं वेगळं शिजवू लागली.

पुढच्या वर्षी इंदुबाई ओट्यावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं, खाट धरली. पंढरीनाथना चहासुद्धा करता येत नव्हता. स्वयंपाक शिवांगीकडे आला.

पहिल्या दिवशी तिनं आईपुढं डाळभात ठेवला. इंदुबाईनं ताटाकडे बघितलं, मग पोरीकडे. हात पुढं आला नाही.

“आधी तू खा त्यातलं,” ती म्हणाली.

शिवांगीनं एक घास खाल्ला. तेव्हा कुठं म्हातारी जेवली. दुसऱ्या दिवशीही तेच. ताक दिलं तर ती ते जिभेच्या टोकानं चाखायची, कितीतरी वेळ तोंडात धरायची, आणि पोटात जरा गुडगुडलं की डोळे फाडून पोरीकडे बघायची. “काय घातलंस गो? सांग. काय घातलंस?”

शिवांगीनं कधी काही घातलं नाही. पण तसं तिनं आईला सांगितलंही नाही. ती ताट उचलायची, आईचा सैल पडलेला दंड पुसून कोरडा करायची आणि दुकानाला निघायची.