वाजणारं पायताण

कोल्हापूर स्टँडवर उतरलो तेव्हा अण्णांच्या पायात रबरी स्लिपर होती. कागलच्या एमआयडीसीत माझी मुलाखत होती. पोरीला एकटं कसं पाठवायचं, म्हणून वडील, म्हणजे अण्णा, बीडकडच्या आमच्या गावाहून सोबत आलेले. मी घरातली पहिली पदवीधर. वाट मला सापडली असती. पण ते आले ते बरंच झालं.

मुलाखत चांगली झाली. मग शहरात मिसळ खाल्ली. कट (तर्री) एवढा जाळ की अण्णांच्या डोळ्यांतून पाणी, तरी पाव पुन्हा मागवला. तिथून त्यांना चप्पल लाईनमध्ये नेलं.

दुकानातल्या मावशींनी कातडी जोड पुढे ठेवला. अण्णांनी पाऊल टाकलं. कर्र! दचकून थांबले.

"न वाजणारी द्या."

"पावणं, कोल्हापुरात येऊन मुकं पायताण (चप्पल) मागताय व्हय?" मावशी मोठ्यानं हसल्या. "अवो, मानूस दिसायच्या आधी ऐकू याय पायजे की!"

"तेच नको," अण्णा म्हणाले.

मावशींना कळलं नाही. मला कळलं. पाटलांच्या ओट्यासमोरून जाताना माझे आजोबा चप्पल काढून बगलेत धरत. वाजणारी चप्पल, पिळाचा पटका, हे ओट्यावरच्यांचं. आता कोणी अडवत नाही. पाटलांचा नातू तर माझ्याच वर्गात होता. पण आमच्या बौद्ध वस्तीकडे जाताना अण्णा अजूनही ओटा टाळून मागच्या बोळातून जातात.

मी हट्टानं वाजणारीच घेतली. रंकाळ्यापर्यंत तिनं अण्णांचा अंगठा सोलला. "लई चावायलीय," म्हणत त्यांनी चपलेला खोबरेल तेल लावलं. आवाज मरावा म्हणून जरा जास्तच. मी बाटली काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी गावाच्या वेशीपाशी एसटीतून उतरलो. बोळाच्या तोंडाशी अण्णा थांबले, खाली वाकले. मला वाटलं, काढतात आता. त्यांनी पट्ट्यावरची धूळ पुसली आणि मोठ्या रस्त्यानं सरळ निघाले. कर्र, कर्र.

ओट्यावर नातू मोबाइल बघत बसलेला. त्यानं मान वर केली.

"अण्णा, लई वाजायलीय! कुठली?"

"कोल्हापूरची. लेकीनं घेतली."

"मला बी आणा पुढच्या टायमाला."

"बघू," अण्णा म्हणाले. थांबले नाहीत.

पदवी मिळाली त्या दिवशीही माझी मान एवढी ताठ नव्हती. आमचं दार आलं, मी थांबले. अण्णा मात्र चालतच राहिले. वस्तीच्या टोकापर्यंत तो आवाज जाताना मी पिशव्या धरून ऐकत उभी राहिले.