धुरा कोणी खाल्ला

बुलढाणा जिल्ह्यात नव्या माणसाला पहिला प्रश्न विचारतात तो घाटावरचे की घाटाखालचे. मी घाटाखालची. माहेर मोताळा तालुक्यात, काळ्या जमिनीत. सासर बुलढाण्याजवळ, घाटाच्या अगदी तोंडाशी. लग्न झाल्यापासून सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, माझ्यासाठी एकच टोमणा ठेवला होता आणि तो त्यांनी चांगला पुरवून वापरला.

"तुमचं घाटाखाली काय, बाई, जमीन फुकटची! आमच्या इथी गोटे येचता येचता पिढ्या गेल्या."

गोटे खरंच वेचलेले होते. ते रचून दोन शेतांच्या मध्ये जी रांग झाली, तिला आम्ही धुरा म्हणतो. आमच्या धुऱ्यापलीकडे ज्यांचं शेत आहे ते मामाजींचे बालमित्र. मी आले तेव्हा दोघांचं बोलणं बंद होतं. मामाजी म्हणत, तो नांगरताना धुरा कोरतो, म्हणून आपलं शेत कमी होतं. शेजारी अगदी हेच म्हणत, फक्त चोर बदलून. गंमत अशी की दोघांचंही शेत खरोखरच कमी होत होतं. मग ते जातं कुठं, असा प्रश्न कुणी काढला नाही. काढला असता तर भांडायला काय उरलं असतं?

मला धुऱ्याशी देणंघेणं नव्हतं. मला काळजी विहिरीची होती. आमची एकुलती एक विहीर शेताच्या उत्तर टोकाला, नाल्याकडे. मी आले तेव्हा विहीर आणि नाला यांच्यामध्ये बैलगाडी वळत असे. पुढे फक्त माणूस वळू लागलं. घरातल्या पुरुषांची पाठ मात्र कायम उत्तरेकडे, कारण डोळे पश्चिमेला, धुऱ्यावर.

मी शाळेत भूगोल शिकवते. आमच्या शेतावर पडलेला पाऊस दोन समुद्रांना जातो, हे मुलांना सांगायला मला आवडतं. दक्षिणेकडे वाहिलेलं पाणी पैनगंगेतून गोदावरीला आणि पुढे बंगालच्या उपसागराला मिळतं. ते सावकाश, पेन्शनर माणसासारखं चालतं. उत्तरेकडचं पाणी मात्र घाटावरून उडीच मारतं. नळगंगेतून पूर्णेला, पूर्णेतून तापीला आणि शेवटी अरबी समुद्राला. याचं कारण फार जुनं आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीला मोठी भेग आहे. तिच्या अलीकडचा भाग खचत गेला आणि त्या खळग्यात पूर्णा वसली. खाली जमीन खचली की वरच्या ओढ्यांचा उतार वाढतो, आणि उतार वाढलेला ओढा गप्प बसत नाही. तो डोक्याकडून मागे मागे डोंगर खात जातो, कधी कधी पलीकडच्या नदीचं पाणीही पळवतो. आमचा नाला म्हणजे पूर्णेचं दक्षिणेकडचं तोंड. तिला पैनगंगेकडे जायचं आहे आणि मध्ये आमची विहीर आहे.

हे मी घरी सांगितलं. नवरा म्हणाला, "तू वर्गात बोल ते." मामाजी म्हणाले, "आधी मोजणी."

मोजणी झाली. मोजणीवाले साहेब आले, नकाशा पसरला, दोन्ही म्हाताऱ्यांनी श्वास रोखला. धुरा जिथं असायला हवा तिथंच निघाला, हलला नव्हता. दोघांचे चेहरे असे पडले, की त्यापेक्षा चोरी सापडली असती तर बरं झालं असतं.

"मंग वावर खाल्लं कोनं?" मामाजी ओरडले.

"नाल्यानं," मी म्हणाले.

"नाला काय नांगर धरते काय?"

"त्याला लागत नाही, मामाजी. तुमचा धुरा तुम्ही राखला, उत्तरेकडून पूर्णा आली."

मग सगळे प्रथमच त्या टोकाला गेले. नाल्याच्या कडेला भेग पडली होती आणि ती विहिरीच्या काठाकडे निघाली होती. विहीर गेली तर रब्बीचं पीक गेलं, हे भूगोल न शिकता कळतं. नाल्याच्या तोंडाशी दगडी बांध घालायचा ठरलं.

"गोटे कुठून आनता?" नवऱ्यानं विचारलं.

मी धुऱ्याकडे बोट दाखवलं.

 धुऱ्यापलीकडून शेजाऱ्यांचा आवाज आला. "बाई बराबर बोलून राह्यली. इथून वाढला तं पुढचा घास माह्या वावराचा हाय." मामाजींनी त्या दिशेला न बघता उत्तर दिलं, "त्याले सांगा, मोठाले गोटे खाली लावा लागतात." मी सांगितलं. ते दोन पावलांवर उभे होते, तरी सांगितलं. दुपारपर्यंत माझी निरोप्याची नोकरी गेली. दोघं थेट एकमेकांवर खेकसत होते.

धुऱ्याच्या जागी आता मोजणीचे खुंट तेवढे आहेत. बांधामागे गाळ साठतो, भेग थांबली आहे, विहीर उभी आहे. किती वर्षं, ते मला विचारू नये. डोंगराला घाई नाही आणि विहिरीला आमच्यापेक्षा जास्त जगायची गरज नाही.

मामाजींचा टोमणा मात्र बदलला. मध्यंतरी माझे भाऊ आले तेव्हा मामाजींनी त्यांना ऐकवलं, "तुमची काळी जमीन काऊन काळी हाय, मालूम? आमचं वावर वाहून गेलं तथी."

"हुंडा समजा," मी म्हणाले. "उलटा."

मामाजी हसले नाहीत. काठी उचलून बांधाकडे निघाले. तिथं शेजारी आधीच बसले होते, आणि बांधात कुणाचे गोटे जास्त लागले यावरून दोघांचं नवं भांडण सुरू झालं.