कपाटातल्या भुंगेऱ्याविरुद्ध मी केलेले अर्ज

१९६०च्या सुमारास मी पांढरकवड्याला कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देत असे. दुसऱ्यांचे अर्ज नेमस्त भाषेत लिहीत असे. स्वतःचे मात्र संतापाने, आणि पुरावा जोडल्याशिवाय एकही धाडत नसे. त्या सवयीपायी जे घडले त्याची ही कबुली, कोणीही मागितलेली नसताना.

कायद्याच्या पुस्तकांसाठी मी गावातल्या मिस्त्रींकडून सागाचे कपाट करवून घेतले. पाठीच्या फळ्या मात्र माझ्या. गावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये परदेशातून एंजिन आले होते; त्याच्या खोक्याचे फिकट, गुळगुळीत लाकूड मी हौसेने मागून आणले होते.

मिस्त्रींनी ते नखाने खरवडून पाहिले. "मुन्शीजी, हे कोन्या झाडाचं हाय, मले ठाव नाही. मागं बी सागच लावू द्या."

मी त्यांना परदेशी मालाच्या दर्जावर व्याख्यान दिले.

वर्षभराने कपाटाखाली पिठासारखी भुकटी पडू लागली आणि दारांच्या कडांना टाचणीने पाडावीत तशी छिद्रे दिसली. आपण सागाच्या नावाखाली किडके लाकूड खपवून माझा विश्वासघात केला आहे, अशी नोटीस मी त्याच दुपारी मिस्त्रींना धाडली. एक अर्ज वनखात्याच्या कार्यालयाला, दुसरा तहसिलीला, तिसरा थेट, जिथून साग आला होता त्या उमरखेडच्या लाकूड व्यापाऱ्यांना. प्रत्येकासोबत कपाटाच्या कडेचा कापलेला तुकडा, लाखेने मोहोरबंद: निशाणी अ, निशाणी ब, निशाणी क.

पत्नी म्हणाली, "अहो, अर्ज पाठवताय की कपाट?"

माझ्या भाषेचा परिणाम व्हायचा तो झाला. गावभर बोभाटा होऊन दोन लग्नघरांनी मिस्त्रींना सांगितलेले पलंग रद्द केले. मिस्त्री माझ्या दारात आले.

"मले काहून बदनाम करून राह्यले? इतकी वर्सं रंधा मारला, कोनी बोट नाही दाखवलं. माह्या हातचं लाकूड किडकं ठरलं, त मले काम कोन देईन?"

आपले म्हणणे लेखी मांडावे, असे मी त्यांना बजावले. त्यांना लिहिता येत नव्हते, हे मला ठाऊक होते.

चौकशीला वनपाल आले तेव्हा मी विजयी मुद्रेने चहा सांगितला आणि मिस्त्रींनाही बोलावून घेतले. वनपालांनी कपाट भिंतीपासून ओढले व पाठीची फळी अंगठ्याने दाबली. अंगठा सरळ आत गेला.

"हा पाहुणा भुंगेरा इथून आला," ते म्हणाले. "खोक्यात बसून समुद्र ओलांडला. ओळखीचं लाकूड पोकळ झालं, तसा सागाच्या कडेची पांढरी पट्टी खायला शिकला. तांबूस गाभ्याला तोंड लावलेलं नाही, बघा. मिस्त्रींचा साग चोख आहे."

"तरीही कारवाई?" मी विचारले.

"ती तर करावीच लागणार, पण या भुंगेऱ्यावर. तुमची निशाणी अ आमच्या बांबूच्या मांडणीवर ठेवली होती. आता मांडणीतून भुकटी गळते. तहसिलीतही तेच. स्वतःच्या पंखांनी तो बिचारा या गल्लीबाहेर गेला नसता, मुन्शीजी. तुम्ही त्याला रजिस्टर टपालानं पोचवलात."

मिस्त्री चहात बिस्कीट बुडवत होते. हसले नाहीत, एवढीच त्यांची दया.

पाठीच्या फळ्या त्याच संध्याकाळी जाळल्या. मग मी माफीपत्र लिहिले आणि मिस्त्रींना वाचून दाखवले. 'अनवधानाने' या शब्दावर त्यांनी हात वर केला.

"हे काय हाय?"

"नकळत, अशा अर्थी."

"मंग 'चुकीनं' लिहा. अन् कागद मले नको. ज्याइनं पलंगाचे सौदे मोडले त्याइनं तुमचा अर्ज थोडाच वाचला होता? बाजारात बोलून दाखवा."

आठवडी बाजारात, मडक्यांच्या ढिगाशेजारी उभा राहून, मी आयुष्यातला सर्वांत आखूड मजकूर वाचला. दुसऱ्यांदा वाचा, असे मागून कोणीतरी ओरडले. वाचला.

लग्नघरच्या एका बाईने पदर सावरीत विचारले, "मंग आमचा पलंग हेच करतीन ना?"

"करीन, बाई," मिस्त्री म्हणाले. "पन लाकूड मी निवडीन."

बाईने तिथेच पलंगाची लांबी हाताने मोजून दाखवली.