कोरडी गाठ

मी कोल्हापूरची. आमच्याकडे माणूस अगदी शेवटच्या घटका मोजत असला तरी भोवतीचे म्हणतात, "काही होत नाही, चार दिवसांत उठून बसाल." त्यामुळे शेजारच्या आबांनी जेव्हा स्वयंपाकघरात कॉफी ढवळत मला सांगितलं, की डॉक्टर तयार आहेत, दुसरे डॉक्टरही येऊन तपासून गेले, आता फक्त दिवस ठरवायचा राहिलाय, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "मरणाचा काय मुहूर्त काढायचा असतो होय? लग्न आहे का ते?"

ते हसले. हसले की त्यांना खोकला लागायचा आणि नाकातली ऑक्सिजनची नळी हलायची. ती नीट बसवून म्हणाले, "लग्नाची तारीख माझ्या सासूने ठरवली होती. ही तरी माझी मला ठरवू दे."

आबा म्हणजे काही माझे आजोबा नव्हेत. ऐंशीच्या पुढचे डच गृहस्थ, हॉलंडमधल्या बेस्ट नावाच्या गावात आमच्या घराला भिंत लावून राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी रॉटरडॅमला. आमच्या घरी थोरल्या माणसाला आबा म्हणतात, असं मी एकदा सांगितलं, तर त्यांना ते फार आवडलं. पोस्टमनलासुद्धा सांगत सुटले.

त्यांची फुप्फुसं हळूहळू कडक होत चालली होती आणि त्यावर औषध नव्हतं. इथे कायदा असा, की दुखणं असह्य असेल, बरं व्हायची आशाच नसेल, तर आपला हाउसआर्ट्स, म्हणजे नेहमीचा घरचा डॉक्टर, घरी येऊन इंजेक्शन देतो. पण आमच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, की त्या दिवशी आबांनी स्वतः, पूर्ण शुद्धीवर असताना, "हो, मला हवंय" असं म्हणायला हवं. आबांचा थोरला भाऊ याच दुखण्यानं गेला होता. शेवटी तो कुणाला ओळखत नव्हता, पलंगाचे कठडे धरून हवेसाठी तडफडत होता, आणि हे शेजारी बसून बघत होते. "तसं नको," एवढंच त्यांचं म्हणणं होतं. बाकी मरणाबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

डॉक्टरांना फोन कधी करायचा, तेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. एप्रिलमध्ये ट्राउट माशांचा हंगाम उघडतो. त्यांच्या क्लबची गावाबाहेर दोन तळी आहेत आणि एका छोट्या नदीचा पट्टा. तळ्यांत क्लब मासे आणून सोडतो, त्यांना आबा "दुकानातले मासे" म्हणायचे आणि नाक मुरडायचे. नदीतला ट्राउट मात्र नदीतच जन्मलेला. दर वर्षी हंगामाच्या पहिल्या शनिवारी नदीच्या एका ठरलेल्या वळणावर ते बसायचे. यंदाही तिथला एक ट्राउट धरायचा, क्षणभर हातात घ्यायचा, परत पाण्यात सोडायचा, आणि सोमवारी सकाळी डॉक्टरांना फोन.

"आणि नाहीच मिळाला तर?" मी विचारलं.

"तर पुढचा शनिवार."

जित्याची खोड, दुसरं काय! मी म्हटलं, मी नेईन तुम्हाला. दुसरं कोण नेणार होतं?

आठ वर्षांपूर्वी मी नवऱ्याच्या व्हिसावर इथे आले. नवरा इंजिनियर, सकाळी सायकल काढून आइंडहोवनकडे जायचा तो अंधार पडल्यावर उगवायचा. मी एम.कॉम. झालेली बाई, दिवसभर खिडकीतून शेजाऱ्याचं गवत बघायची. एका फेब्रुवारीत मागच्या अंगणात कचऱ्याचा डबा ओढता ओढता मला रडू फुटलं, आणि कुंपणापलीकडून हे गृहस्थ म्हणाले, "बादली उचलता येते का?" काय झालं, का रडतेस, काही नाही. बादली! मला इतका राग आला, की रडू थांबलं. मी म्हटलं, येते. मग त्या वर्षीपासून दर वसंतात मी त्यांची बादली, घडीचं स्टूल, हातजाळी उचलत नदीकाठाने मागे मागे चालत राहिले.

डच मी तिथेच शिकले. क्लासात नाही. मासे पळतात म्हणून ते हळू बोलायचे आणि एकेक वाक्य दोनदा बोलायचे. मी चुकले की हसायचे नाहीत, नुसतं बरोबर करून परत म्हणायचे. मी नेलेली शेंगदाण्याची चटणी चीजच्या सँडविचवर थापून खायचे, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि "अजून आहे का?" विचारायचे. आज मी एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करते ती त्या नदीकाठच्या डचवर.

पाहुण्याने गळ टाकायचा नाही, हा क्लबचा नियम. पण गाठी मारायला मनाई नव्हती, आणि आबांची बोटं जड झाली तसं ते काम माझ्याकडे आलं. पिसांची बनवलेली खोटी माशी असते, तिच्या गळाच्या नेढ्यातून तंगूस, म्हणजे नायलॉनचा बारीक दोरा, ओवायचा, पाच वेढे द्यायचे, आणि आवळायच्या आधी गाठ ओठांत धरून थुंकीने ओली करायची. कोरडी ओढली तर तंगूस घासून तापतो आणि गाठ कच्ची राहते. हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं होतं, की पाठ झालं होतं. तरी दर वेळी विचारायचेच, "ओली केलीस?"

"केली हो, केली," मी करवादायची.

पहिल्या शनिवारी गारा पडल्या. इथला एप्रिल म्हणजे असाच, ऊन बघून बाहेर पडावं आणि डोक्यात गारा बसाव्यात. मी त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभी. ते दोन तास बसले, मासा फिरकला नाही. परत येताना गाडीत मी गाणं गुणगुणत होते. ते माझ्याकडे बघताहेत हे लक्षात आल्यावर मी गप्प झाले. पण मनातून मला उकळ्या फुटत होत्या. एक आठवडा मिळाला! मासा नाही, म्हणजे फोन नाही.

रात्री जेवताना नवऱ्याजवळ बोलले. तो म्हणाला, "त्यांचा निर्णय आहे. तू मध्ये पडू नकोस." मी म्हटलं, मी कुठे मध्ये पडतेय, मी नुसती छत्री धरतेय. तो जेवून उठला, आणि मी पानावर तशीच बसून राहिले.

खरं सांगायचं तर मला ते हवे होते. त्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी. माझे वडील गेले तेव्हा मी विमानात होते, कारण घरच्यांनी शेवटपर्यंत "साधा ताप आहे" म्हणून सांगितलं. त्यानंतर या देशात, मी हाक मारली की कुंपणापलीकडून "काय गं?" म्हणणारं एवढं एकच म्हातारं माणूस होतं. ते सोमवारी फोन करून निघून जाणार, आणि मी काय करायचं? कॉफी कुणाकडे प्यायची? हे असलं आपमतलबी माझ्या डोक्यात होतं. त्यांच्या भावाचं काय झालं, ते मला माहीत होतं. तरी होतं.

दुसऱ्या शनिवारी आभाळ भरलेलं, पण वारा नव्हता. गाडीपासून वळणापर्यंत दोनशे पावलं असतील, अर्धा तास लागला. दर दहा पावलांनी ते थांबायचे, ऑक्सिजनच्या नळकांड्याच्या ढकलगाडीला टेकायचे, ओठ निळसर दिसायचे. स्टुलावर बसून आधी दम खाल्ला. मग पाण्याकडे बोट केलं. पलीकडच्या काठाला, झाडाच्या मुळांखाली, पाण्यावर एक बारीकसं वर्तुळ उठलं, आणि थोड्या वेळाने दुसरं. मासा होता तिथे, वरचे किडे खात होता.

"करडी माशी लाव," ते कुजबुजले. त्यांच्या आवाजात लहान पोराची घाई होती.

मी डबी उघडली, माशी घेतली आणि पाठ फिरवली. थंडी आहे, बोटं वळत नाहीत, असं काहीतरी पुटपुटले. तंगूस ओवला. पाचाऐवजी दोनच वेढे दिले. आणि गाठ तोंडाला न लावता कोरडीच ओढली. हे चुकून झालं नाही. माझे हात काय करत होते ते मला पक्कं ठाऊक होतं.

"ओली केलीस?"

"केली हो, केली."

त्यांनी टाकलेली माशी तिसऱ्या खेपेला बरोबर मुळांपाशी उतरली. इतक्या अशक्त हातांनी इतकं नेमकं कसं जमलं, देव जाणे. पाण्याला खळी पडली, काठी वाकली, आणि आबा "हा!" म्हणून ओरडले. मी हातजाळी घेऊन काठावर पळाले. मासा एकदाच वर आला. अंगावर लाल ठिपके, पोट पिवळसर, माझी वीत असते तेवढा लांब. शेपटी आपटली, आणि काठी सरळ झाली.

आबांना काही दिसलं नसणार, चष्मा गळ्यात लोंबत होता. त्यांनी हळूहळू रीळ गुंडाळलं, तंगुसाचं टोक हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि बोटांनी चाचपलं. तुटलेलं टोक सरळ असतं, गाठ सुटली तर कुरळं होतं, हेही त्यांनीच मला शिकवलेलं. ते टोक कुरळं होतं. मी जाळी धुवायच्या निमित्ताने खाली बघत राहिले.

"पुढचा शनिवार," ते म्हणाले.

"पुढचा शनिवार," मीही म्हटलं. आणि लाज वाटते सांगायला, पण मला आनंदच झाला होता.

बुधवारी त्यांना ताप भरला. फुप्फुसांत पाणी झालं. रॉटरडॅमहून मुलगी आली. गुरुवारपासून ते असंबद्ध बोलायला लागले, खोलीत नसलेल्या माणसांना हाका मारायला लागले. डॉक्टर दोनदा येऊन पलंगाशी बसले, हात हातात घेऊन विचारलं, "तुम्हाला काय हवंय, सांगता का?" आबा भावाच्या नावाने हाका मारत राहिले. डॉक्टर बाहेर येऊन मुलीला म्हणाले, "आता मला नाही करता येणार. त्यांनी स्वतः सांगायला हवं होतं." मी तिथेच उभी होते, चहाचे कप घेऊन. मुलगी म्हणाली, "एक आठवडा आधी..." ते कप मी तसेच परत नेले.

जे नको म्हणून त्यांनी एवढं सगळं ठरवलं होतं, तेच झालं. कठडे धरून, हवेसाठी तोंड उघडं टाकून. औषधं चालू होती, पण ती पुरत नव्हती. आमची भिंत एकच. मी उशी कानांवर दाबून पडायची, तरी ऐकू यायचं. नवरा म्हणायचा, "तू तरी काय करणार?" त्याला मी अजून काही सांगितलेलं नाही.

सहाव्या दिवशी दुपारी मुलगी खाली गेली होती आणि मी पलंगाशी बसले होते. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. ओळखलं. मी ओरडून मुलीला सांगितलं, "डॉक्टरांना फोन करा, लवकर, जागे झालेत!" ती धावली. आबांचे ओठ हलत होते. मी कान जवळ नेला.

"ओली केली होतीस?"

अजूनही खरं सांगता आलं असतं. ते रागावले असते, शिवी दिली असती, मी पाय धरले असते. पण आमच्याकडे मरणाऱ्या माणसाशी खरं बोलायची रीत नाही. मी म्हटलं, "हो आबा. केली होती."

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मग मासाच मोठा असणार." आणि डोळे मिटले.

डॉक्टर वीस मिनिटांत आले, तोवर ते पुन्हा भावाला हाका मारत होते. त्यानंतर तीन दिवसांनी पहाटे गेले.

त्यांना कळलं होतं का? मला सोडून दिलं, की खरंच विश्वास ठेवला? मी हे हजार वेळा उगाळलंय. कधी वाटतं कळलं होतं, कधी वाटतं नाही. दोन्हींतलं कुठलं बरं, तेही ठरत नाही.

अंत्यविधीनंतर इथे कॉफी आणि केक असतो. क्लबमधले सात-आठ म्हातारे काळे कोट घालून आले होते. मुलीने त्यांना सांगितलं, की बाबांना मध्येच एकदा शुद्ध आली होती, आणि शेवटचा मासा फार मोठा होता म्हणून सुटला, असं ते या शेजारणीला म्हणाले. एवढं मीच तिला सांगितलं होतं. बाकीचं नव्हतं. सगळे माझ्याकडे वळले. मुलीने विचारलं, "तू तर पाहिलास ना? केवढा होता?"

मी हातातली बशी खाली ठेवली आणि दोन्ही हात लांब करून दाखवले. म्हातारे एकमेकांकडे बघून माना हलवायला लागले. एकाने तर शीळ घातली. मुलगी रडता रडता हसली आणि तिने मला मिठी मारली.

वीतभर होता हो तो. वीतभर.