डाव्या कोपऱ्यातली पकड

पळसदरीच्या पलीकडे आमचं गाव. गावच्या कबड्डी संघात मी बारा वर्षं डाव्या कोपऱ्यात खेळलो. संघातले सगळे भातशेतीवाले. भात झोडून झालं की खेळ सुरू व्हायचा, तो उन्हाळा संपेपर्यंत. माती चाळून, पाणी मारून, वर गिरणीतलं तूस पसरून मैदान करायचो, तरी कोपरं आणि गुडघे कायम सोललेलेच. माझी एक करंगळी आजही सरळ होत नाही.

कोपऱ्यातल्या माणसाचं काम सांगायला सोपं आहे. चढाईला आलेल्या गड्याचा पाय आवाक्यात आला की खाली झेपावून घोटा धरायचा आणि बाकीचे त्याच्या अंगावर येईपर्यंत सोडायचा नाही. दुसऱ्या पायाची लाथ छातीत बसते, तोंडात माती जाते. तरी सोडायचा नाही.

साजगावच्या संघात एक चढाईवाला होता. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, तिथल्याच एका कारखान्यात कामाला. अंगाने अगदी किरकोळ, पण दम असा की मध्यरेषा ओलांडताना आवाज जसा असायचा तसाच परत जाताना. सगळे त्याला दादा म्हणायचे, मीही म्हणायचो. दोन हंगाम त्याने मला हवं तेव्हा बाद केलं. एकदा सामना संपल्यावर हातपाय धुताना तो आपणहून माझ्याजवळ आला.

"तू लवकर झेपावतोस रं. माजा पाय हवेत आसतो तवाच हात घालतोस. पाय टेकू दे, अंगाचा भार येऊ दे त्याच्यावर, मंग धर. मंग मी कुटं जातोय?"

समोरच्या संघातला माणूस स्वतःलाच कसं धरायचं ते शिकवतोय, हे मला तेव्हा विशेष वाटलं नाही. तो तसाच होता.

पुढच्या वर्षी खालापूरच्या सामन्यात तो माझ्या बाजूने आत आला. मी थांबलो. त्याचा उजवा पाय टेकला, भार आला आणि मी घोटा धरला. पकड इतकी नेमकी बसली की मला आनंदच झाला. त्याच वेळी आमचे दोघे वरून आदळले. पाय माझ्या हातात जिथल्या तिथे राहिला आणि बाकीचं शरीर फिरलं. काहीतरी तुटल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. शिट्टी झाली तरी माझे हात सुटेनात. शेवटी पंचांनी एकेक बोट सोडवलं.

साजगावची माणसं माझ्या अंगावर धावून आली. तो तुसात तोंड खुपसून पडला होता. त्याने हात वर केला.

"त्याला हात लावू नका. पकड चोख हाय."

टेंपोत घालून त्याला पनवेलला नेलं. सामना आम्ही जिंकलो.

महिन्याभराने मी त्याच्या घरी गेलो. दारात त्याची बायको उभी होती.

"तुमीच ना ते, पाय धरनारे?"

मी हो म्हणालो. ती बाजूला झाली, पाणी आणून दिलं. तो खाटेवर बसून खेळाच्याच गोष्टी करत राहिला. "मीच शिकवली तुला, आता कुनाला बोलू?" म्हणून हसलासुद्धा. निघताना बायको अंगणापर्यंत आली. "तुमच्यासमोर हसले," ती म्हणाली, "पन पाय हलवला की रडतात."

प्लास्टर निघालं, पण गुडघा वाकेना. कारखान्यातलं काम दिवसभर उभ्याने करायचं होतं. ते सुटलं. मग कर्जतच्या एका भातगिरणीत तो पोती शिवायला बसू लागला.

मी खेळत राहिलो, म्हणजे मैदानात उभा राहत होतो. घोटा हातात आला की माझी बोटं आपोआप सैल पडायची. कर्जतला सामने होते तेव्हा तो काठी टेकत बघायला आला. मध्यंतरात त्याने मला हाक मारली.

"का सोडतोस?"

"हात निसटतो, दादा."

"खोटं नको बोलू. तीन येळा बगितलं मी. बोटं उघडतोस तू." त्याचा आवाज चढला. "माज्यावर दया करतोस व्हय रं? मंग माजा पाय काय फुकट गेला?"

दुसऱ्या डावात एक उंच पोरगा चढाईला आला. मी पाय टेकू दिला आणि धरला. सोडला नाही. तो पोरगा उठला, अंग झाडलं आणि हसत बाहेर गेला. मी रेषेबाहेर जाऊन ओकलो. तो माझा शेवटचा सामना.

मी खेळ सोडला, हे दादाला सांगायला हवं होतं. ती भातगिरणी आमच्या बाजारच्या वाटेवर होती, पण मी पलीकडच्या रस्त्याने जाऊ लागलो. आमचं भात तिथे भरडायला धाकटा भाऊ न्यायचा. अशी सात-आठ वर्षं गेली. मग भाऊच एकदा सांगत आला, की पोती शिवणारे दादा काविळीने गेले, पंधरा दिवस झाले.

मी साजगावला गेलो. त्याच्या बायकोने मला लगेच ओळखलं. ओसरीवर ती तांदूळ निवडत बसली होती.

"दर हंगामाला इचारायचे," ती म्हणाली, "तो डाव्या कोपऱ्यातला खेळतो का आजून? मी म्हनायची, खेळतो. मला काय ठाव? पन त्यांना बरं वाटायचं."

मी तिला खरं सांगितलं, की त्या कर्जतच्या सामन्यानंतर मी मैदानात पाय ठेवला नाही. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि सूप पुन्हा पुढे ओढलं.